ज्वाळेपासून वाऱ्यापर्यंत

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की आतल्या वायूचं तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. या आगीच्या अगदी डोक्यावर, आजच्या बहुतेक इंजिनांत, अॅल्युमिनियमचं सिलिंडर हेड बसलेलं असतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही ते हेड वर्षानुवर्षं शाबूत राहतं. कारण आगीपासून जेमतेम काही मिलिमीटरवर, धातूच्या भिंतीपलीकडे, शंभर अंशांच्या आसपासचं पाणी सतत धावत असतं.

हा चमत्कार रोज कोट्यवधी गाड्यांत घडतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. जुन्या ट्रकमध्ये नवं इंजिन बसवलं की मात्र तो एकदम डोळ्यांसमोर येतो.

अमेरिकेत या हौसेचं एक लाडकं वाहन म्हणजे शेवरले सी-१० हा पिकअप ट्रक, विशेषतः १९६७ ते १९७२ या वर्षांतला. त्यातलं साधं सहा सिलिंडरचं इंजिन कागदावर दीडशेच्या आसपास अश्वशक्तीचं. त्या जागी लोक जनरल मोटर्सचं ५.३ लिटरचं व्ही-८ बसवतात. हे एलएस घराण्यातलं इंजिन १९९९ पासून पिकअपमध्ये येऊ लागलं, लाखोंनी बनलं आणि आज भंगाराच्या यार्डात सहज मिळतं. ताकद पावणेतीनशे अश्वशक्ती किंवा त्याहून थोडी जास्त. ब्रॅकेट बदलून ते जागेवर बसतं, पहिल्या फटक्यात सुरू होतं. मग एखाद्या तापलेल्या दुपारी सिग्नलला गाडी उभी राहते आणि तापमानाचा काटा हळूहळू लाल रेघेकडे सरकू लागतो.

असं का होतं, हे समजायला उष्णतेचा हिशेब मांडावा लागतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो. तेवढाच किंवा थोडा जास्त भाग सायलेन्सरमधून निघून जातो आणि जवळजवळ तितकाच पाण्यात उतरतो. म्हणजे चढावर इंजिन १०० अश्वशक्ती, अर्थात ७५ किलोवॅट, देत असेल तर रेडिएटरलाही सुमारे ७५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. इतक्या उष्णतेनं ३० अंशांवरचं दहा लिटर पाणी ४० सेकंदांत उकळेल! इंजिनाकडून जितकी ताकद मागाल, तितकीच उष्णता गुपचूप सोबत येते.

या उष्णतेला बाहेर पडेपर्यंत चारदा हात बदलावे लागतात. ज्वाळेकडून धातूकडे, धातूकडून पाण्याकडे, पाण्याकडून रेडिएटरच्या धातूकडे आणि शेवटी हवेकडे. चारांपैकी जो टप्पा सर्वात अडखळतो, तोच गाडीची मर्यादा ठरवतो. बाकीचे तीन कितीही सुधारले तरी फारसा फरक पडत नाही. कूलिंग सुधारणं म्हणजे हा अडखळणारा टप्पा शोधणं.

बहुतेक वेळा तो शेवटचा निघतो. हवा उष्णता घ्यायला फार नाखूश असते. पाणी जितक्या सहजतेनं धातूकडून उष्णता उचलतं, त्याच्या कित्येक पट कमी वेगानं हवा ती उचलते. यावर उपाय एकच, हवेला भरपूर पृष्ठभाग देणं. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात ६ मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० नळ्या होत्या आणि मागे पंखा होता. आजच्या रेडिएटरच्या कागदासारख्या पातळ पन्हळी पत्र्यांमागे तीच युक्ती आहे.

इथेच एक गोष्ट थक्क करते. तांबं अॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. तरी जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून अॅल्युमिनियमचा बसवला की गाडी थंड राहते. कारण नळीची भिंत मिलिमीटरहूनही पातळ असते आणि तेवढं अंतर उष्णता कुठल्याही धातूतून चुटकीसरशी पार करते. अडतं ते हवेपाशी. अॅल्युमिनियम हलकं असल्यानं नळ्या इंचभर रुंद करता येतात, पत्र्यांना त्यांचा जास्त स्पर्श मिळतो आणि दोन रांगांत ते काम होतं ज्याला पूर्वी तीन-चार अरुंद रांगा लागत. रांगा कमी, म्हणून हवाही मोकळी वाहते.

आता हवा किती लागते ते पाहू. ७५ किलोवॅट उचलताना हवा ४० अंशांनी तापेल असं धरलं, तर दर सेकंदाला दीड घनमीटरहून जास्त हवा रेडिएटरमधून जायला हवी. हमरस्त्यावर वारा हे काम फुकट करतो. सिग्नलला किंवा चढावर सगळा भार पंख्यावर येतो. भोर घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढणारा भरलेला ट्रक याच पेचात असतो: इंजिन पूर्ण जोरात, वारा जवळजवळ शून्य. कॅलिफोर्नियात बेकर गावापासून इंटरस्टेट १५ हा रस्ता वाळवंटातून सुमारे ३०० मीटरवरून १,२०० मीटरपर्यंत चढतो. तिथे तर एसी बंद करा असं सांगणाऱ्या पाट्याच लावल्या आहेत.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं श्राउड अनेकांना शोभेची वस्तू वाटते. ते काढलं तर पंखा फक्त पात्यांसमोरच्या गोलातून हवा ओढतो आणि रेडिएटरचे चारही कोपरे वाया जातात. शिवाय इंजिनाकडची तापलेली हवाच पुन्हा फिरत राहते. रेडिएटरच्या कडेला दोन बोटांची फट राहिली तरी हवा पत्र्यांत शिरण्याऐवजी तिथूनच निसटते. कडेनं रबराची पट्टी लावली की काटा खाली आलेला दिसतो. इलेक्ट्रिक पंखे लावायचे तर विजेच्या तारांपर्यंत जावं लागतं. दोन दमदार पंखे मिळून ३० ते ५० अँपिअर खेचतात आणि सी-१० चा मूळ अल्टरनेटर बिचारा ३७ अँपिअरचा. पाण्याचा प्रश्न असा विजेपर्यंत पोहोचतो.

पाण्याच्या बाजूला एक समज घट्ट रुजलेला आहे: पाणी फार वेगानं धावलं तर त्याला रेडिएटरमध्ये उष्णता सोडायला वेळच मिळत नाही. खरं उलट आहे. वेगवान, घुसळणारं पाणी धातूकडून उष्णता जास्त घेतं आणि जास्त देतं. ७५ किलोवॅट वाहून न्यायला सेकंदाला तीन-चार लिटर कूलंट, म्हणजे ग्लायकोल मिसळलेलं पाणी, फिरावं लागतं. सगळ्या यंत्रणेत ते असतं पंधराएक लिटर. म्हणजे प्रत्येक थेंब चार-पाच सेकंदांत आग आणि वारा दोन्ही पाहून परत येतो!

त्याच समजातून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकला जातो. एलएसमध्ये हे महागात पडतं. या इंजिनात थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या वाटेवर बसतो आणि उघडताना आपल्या दुसऱ्या चकतीनं बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याला रेडिएटर टाळून इंजिनातच फिरायची वाट कायमची मोकळी होते. थंड करायला निघालेली गाडी आणखी तापते.

मला सर्वात विलक्षण वाटतं ते यापुढचं. धातूकडून पाण्याकडे जाणारा टप्पा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास सर्वात तापलेला असतो. तिथे पाणी चक्क उकळतं, बारीक बुडबुड्यांनी, आणि ते चांगलंच असतं. कारण प्रत्येक बुडबुडा वाफ होताना भरपूर उष्णता उचलतो आणि सुटून गार पाण्यात विरतो. जपानच्या शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये पाण्यात बारीक तार तापवून हे मोजलं. तापमान वाढवत नेलं की उकळणं उष्णता जोमानं वाहून नेतं, पण एका मर्यादेपलीकडे बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेची सलग चादर होते. वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही. इंजिनात असं झालं की चादरीखालचा धातू कोरडाच तापत जातो, हेड वाकतं, गॅस्केट उडतं.

जुन्या शेवरले व्ही-८ मध्ये गरम पाणी वर चढून इनटेक मॅनिफोल्डच्या माथ्यावरून बाहेर पडे आणि वाफही त्याच्यासोबत निघून जाई. एलएसमध्ये मॅनिफोल्ड कोरडं असतं आणि पाणी खाली पंपाच्या पातळीवरून बाहेर पडतं. मग हेडच्या वरच्या कोपऱ्यांत साठलेली वाफ जाणार कुठे? त्यासाठी कारखान्यानं तिथे छोटी भोकं ठेवली आणि सहा-आठ मिलिमीटर जाडीची एक नळी जोडली. सी-१० च्या जुन्या रेडिएटरला ही नळी लावायला तोंडच नसतं, म्हणून घाईत ती बूच मारून बंद केली जाते. साऱ्या खर्चिक कामात ही एक स्वस्त नळी विसरली की कितीही मोठा रेडिएटर उपयोगाचा नाही. तिचं दुसरं टोक रेडिएटरच्या माथ्याला जोडायचं. रेडिएटर हेडपेक्षा खाली असेल तर दोहोंपेक्षा उंच अशी, वाफ आणि हवा जमा होणारी सर्ज टाकी बसवायची.

उरलं रेडिएटरचं झाकण. १५ पीएसआयचं झाकण म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टीच. तेवढ्या दाबाखाली साधं पाणी १२१ अंशांना उकळतं आणि निम्मं ग्लायकोल असलेलं कूलंट सुमारे १२९ अंशांना. स्प्रिंग ढिली झालेलं झाकण ही सगळी उसंत हिरावून घेतं. गरम इंजिनावर ते उघडलं तर दाब एकदम उतरून उकळतं पाणी अंगावर येतं, म्हणून ते थंड झाल्यावरच उघडायचं.

चार टप्पे असे मनात बसले की काटाच दुखणं सांगू लागतो. गाडी उभी असताना तापते आणि वेग घेतल्यावर निवते, तर हवा कमी पडतेय: पंखा, श्राउड, फटी तपासा. शहरात ठीक आणि हमरस्त्यावर भरधाव असताना तापते, तर रेडिएटर लहान आहे किंवा पाणी पुरेसं फिरत नाही. काटा उगाच उड्या मारतो, हीटरमधून मध्येच गार हवा येते, तर कुठेतरी वाफ किंवा हवा अडकली आहे. आणि चढावर काटा चढू लागलाच, तर खिडक्या उघडून हीटर पूर्ण चालू करा. केबिनमधला हीटर हाही एक लहानसा रेडिएटरच आहे. घाटमाथा गाठेपर्यंत तेवढी मदत पुष्कळदा पुरते.