ऐंशी रुपयांचे भांडवल

चैत्र-वैशाखाचे ऊन तापले की महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून अंगणे पापडांनी भरून जातात. कुठे नाचणीचे, कुठे तांदळाचे. सासू-सुना, जावा-जावा पहाटेच लाटायला बसतात. एक डबा मुंबईच्या चाकरमान्याबरोबर जातो, एक लेकीच्या सासरी जातो, उरलेला पावसाळ्यात घरच्या ताटात येतो. कोणी वाखाणले तर तुम्ही म्हणता, "त्यात काय मोठेसे? हे तर आम्हांला येतेच."

बहिणींनो, जे हातात येते त्याचाच धंदा होतो. भांडवल नाही म्हणून तो अडतो असे आपण समजतो. खरी अडचण निराळीच असते. मुंबईच्या सात बायकांची हकीकत ऐका, म्हणजे पटेल.

१५ मार्च १९५९ या दिवशी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जवळ पैसा नव्हता. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला दिले. हाच पुढचा 'लिज्जत' पापड. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली.

छगनबाप्पांनी त्यांना पैशांपेक्षा मोलाच्या गोष्टी दिल्या. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. बाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. हिशेब चोख ठेवा. तोटा आला तरी कोणाकडून देणगी घ्यायची नाही, हे तर बायकांनी स्वतःच ठरवले होते. बाप्पांचे सांगणेही त्यांनी मानले.

मग आला पाऊस. ऊन नाही तर वाळवण कुठले? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. आपल्याकडे सावित्रीच्या खोऱ्यात जो पाऊस कोसळतो तो पाहता ही अडचण तुम्हांला समजावून सांगायला नको. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह ठेवायचा. काम बारमाही झाले. गिऱ्हाइकाला चार महिने माल मिळाला नाही तर तो दुसरे दुकान पाहतो, हे त्यांनी ओळखले होते.

बायका वाढल्या, तशी गच्ची पुरेना. तेव्हा त्यांनी पीठ एकाच ठिकाणी मळायचे ठरवले. प्रत्येकीने मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवून आणायचे. परत आलेला माल तपासून, वजन करून तिथेच पुड्यांत भरायचा. लाटणारे हात शेकडो झाले, पण चव एकच राहिली. मजुरी लाटलेल्या वजनावर ठरली, आणि कामाला येणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार झाली. सगळेच सरळ गेले असेही नाही. १९६१ साली मालाडला काढलेली शाखा चालली नाही. तरी १९६२-६३ साली विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. आज या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक बहिणी आहेत. मूळच्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता आपल्या गावाकडे या. गिऱ्हाईक आपल्या दारावरून जाते. रायगड पाहायला येणारी माणसे पाचाडला उतरतात, महाबळेश्वरची वाट पोलादपुरावरून आंबेनळी घाटात चढते, आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही गावांना लागून जातो. उणीव आहे ती एकसारख्या मालाची आणि हिशेबाची. एकीचा पापड जाड, दुसरीचा खारट. हे टाळायचे तर बचत गटाने पीठ, मीठ, पापडखार मापून एकाच घरी मळावे. वजन काट्यावर करावे, अंदाजाने नको. अन्न खात्याची नोंदणी करावी. एकटीला न परवडणारे विजेवरचे वाळवणी यंत्र गटाने मिळून घ्यावे. सगळा माल खालच्या मजल्यावर साठवू नये. जुलै २०२१ मध्ये महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले, तेव्हा दुकानांतला माल कसा गेला ते आपण पाहिले आहे.

आणि वहीत आपल्या मेहनतीची मजुरी जरूर लिहा. नाचणी शेतातली, लाटणे घरचे, म्हणून भाव कमी लावला की वरवर नफा दिसतो. प्रत्यक्षात आपण आपली मजुरी फुकट वाटत असतो. अशा धंद्यात दुसऱ्या वर्षी दुसरी बाई घ्यायची म्हटली, तर तिला द्यायला पैसा उरत नाही, आणि धंदा तिथेच खुंटतो.

भाताची कापणी झाली की आपली कितीतरी मुले मुंबईची वाट धरतात. गावातच चार पैसे मिळू लागले, तर त्यातले एखादे मागे राहील. यंदाच्या वाळवणाला बसाल तेव्हा शेजारच्या दोघीतिघींना हाक मारा. पहिले चार पुडे भरा, आणि त्याच दिवशी वहीचे पहिले पान लिहा.