बोधिवृक्ष आणि त्याच्या मुळांखालची जमीन

दीक्षाभूमीवर जाणारा प्रत्येक उपासक स्तूपाला वंदन करून बोधिवृक्षाजवळ क्षणभर थांबतो. या वृक्षाची रोपे पूज्य भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणली व १९६८ साली ती येथे लावण्यात आली. अनुराधपूरचा महाबोधी हा बुद्धगयेच्या मूळ वृक्षाचा. सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा हिने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात तेथील फांदी नेली आणि राजा देवानंपिय तिस्स याने ती लावली. पुढे बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात पडला. आज तेथे उभा आहे तो कनिंगहॅम यांच्या काळात लावलेला. अनुराधपूरचा वृक्ष मात्र दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. तेव्हा नागपूरचा पिंपळ वयाने साठीकडे झुकलेला असला, तरी त्याचे कूळ फार प्राचीन आहे.

अनुराधपूरचा वृक्ष इतकी वर्षे टिकला तो केवळ श्रद्धेने नव्हे. त्याला आधार देणारे, पाणी घालणारे, पहारा करणारे लोक पिढ्यानपिढ्या नेमलेले होते. २०१४ मध्ये श्रीलंका सरकारने या वृक्षापासून ५०० मीटरच्या आत नव्या बांधकामांना बंदी घातली. झाडाला अपाय होणार नाही अशाच कामांना त्यात मुभा आहे. झाड वाचवायचे तर आधी त्याच्या भोवतालची जमीन वाचवावी लागते, हे त्यांनी नेमके ओळखले.

आपल्याकडे हा प्रश्न १ जुलै २०२४ रोजी ऐरणीवर आला. दीक्षाभूमीच्या विकास आराखड्यात भूमिगत वाहनतळ होते आणि त्यासाठी खोल खोदकाम सुरू झाले होते. स्तूपाला धोका पोचेल या भीतीने हजारो अनुयायी जमले. त्या दिवशी तोडफोड आणि जाळपोळही झाली, ती व्हायला नको होती असे आम्हांस वाटते. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत कामाला स्थगिती जाहीर केली. वाहनतळाची गरज खोटी नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, तेव्हाची कोंडी आम्ही नागपूरकर दरवर्षी पाहतो. पण ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व दिली, तिच्या पोटात गाड्या उभ्या करायच्या का, हा प्रश्न आधी लोकांना विचारायला हवा होता.

स्तूपाची चर्चा पुष्कळ झाली. झाडाची त्या मानाने कमी झाली, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आपली समजूत अशी की झाडाची मुळे सरळ खाली खोल जातात, म्हणून बुंधा सोडून खोदले की झाले. तसे नसते. पाणी व अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही लांब पसरतात. जवळच खड्डा पडला की ती तुटतात. शिवाय नागपूरची माती काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेजारी खोल खड्डा असला तर तिच्यातली ओल खड्ड्याकडे ओढली जाते. वाईट गोष्ट अशी की झाड लगेच वाळत नाही. दोन-चार वर्षांनी शेंडे वाळू लागतात, तोवर कंत्राटदाराचे बिल मंजूर झालेले असते आणि झाड रोगाने गेले असे सांगायला सारे मोकळे!

सिमेंटचेही तसेच. रस्ते सिमेंटचे झाले आणि कितीतरी कडुनिंब, पिंपळ यांच्या गळ्यापर्यंत गट्टू बसले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ सालीच दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला होता.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ पासून आहे. त्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ केवळ कुऱ्हाड चालवणे एवढाच नसून, झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही त्यात येते. मग मुळे तोडणे त्यातून कसे सुटेल? २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’चा दर्जा दिला. दीक्षाभूमीच्या वृक्षाने ती मर्यादा २०१८ मध्येच ओलांडली. त्याच दुरुस्तीप्रमाणे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची असतात. बँकेत जमा-नावे लिहिणाऱ्या आम्हांला हा हिशोब जुळल्यासारखा दिसतो, पण शहराबाहेर लावलेली साठ रोपटी या एका पिंपळाच्या खात्यावर कशी जमा धरायची?

आपल्या शहराच्या नावाच्या रत्नागिरी–नागपूर महामार्गाचेच उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातील भोसे गावाजवळ सुमारे चारशे वर्षांचा वटवृक्ष या रस्त्याच्या आड येत होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि झाड वाचवून रस्ता वळवण्याचा निर्णय झाला. पण पुढे २०२२ च्या पावसाळ्यात तो वटवृक्ष कोसळलाच. रस्ता वळवला की काम संपले असे नसते, म्हाताऱ्या झाडाकडे नंतरही पाहावे लागते.

येथे आपल्याही सवयी तपासायला हव्यात. विनयात भिक्खूला जिवंत झाड तोडण्याची मनाई आहे, ती लोकांनी टीका केल्यावरून तथागतांनी घातली. आणि आपण काय करतो? बुंध्याला टेकून मेणबत्त्या पेटवतो, जयंतीचे फलक खिळ्यांनी ठोकतो, विहाराचे आवार ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून पिंपळाच्या पायथ्याशी फरशी घालतो. झाडाची पूजा धम्माने सांगितलेली नाही, पण त्याची राखण करायला कोणाची हरकत नसावी.

झाड तोडण्याच्या परवानगीची नोटीस वर्तमानपत्रात येते आणि त्या झाडावरही चिकटवावी लागते. ती दिसताच उद्यान विभागात लेखी हरकत द्यावी, कारणे मुद्देसूद लिहावीत. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.