वैद्यकाच्या वाटेवर जैवअभियांत्रिकी

१९५८ मध्ये माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो बनवणारे स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट वैद्यक शिकून अभियंता झाले होते. अमेरिकेत याउलट वाट धरता येते. तेथे आधी चार वर्षांची पदवी, मग ‘एमकॅट’ परीक्षा व त्यानंतर वैद्यकीय शिक्षण. पदवीचा विषय कोणताही चालतो; म्हणून काही विद्यार्थी जैवअभियांत्रिकी घेतात.

विद्यापीठ निवडताना नावाआधी वेळापत्रक पाहावे, असे आम्ही सुचवतो. वैद्यकीय महाविद्यालये सामान्यतः जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, सेंद्रिय रसायन व जीवरसायन यांचा अभ्यास मागतात. गणित, यामिकी, विद्युत्मंडले यांच्या ओझ्यात सेंद्रिय रसायनाचे दुसरे सत्र काही ठिकाणी बसत नाही. ते उन्हाळी सुट्टीत करावे लागते. शिवाय प्रवेशात पदवीच्या गुणांना मोठे वजन असते आणि अभियांत्रिकीत चांगले गुण सहज मिळत नाहीत.

भारतातून जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की तेथील अनेक वैद्यकीय महाविद्यालये परदेशी नागरिकांना प्रवेशच देत नाहीत. तेव्हा विद्यार्थ्यांना आपण आधी एक प्रश्न विचारू या: डॉक्टर होता आले नाही, तर अभियंता म्हणून आनंदाने काम कराल का? उत्तर ‘हो’ असेल, तरच ही वाट धरावी.