जाहीर किल्ली, खाजगी किल्ली

रायपूरलगतच्या बीरगांवी, उरला औद्योगिक वसाहतीतून सरकारी निविदा भरणाऱ्या कारकुनाच्या हाती हल्ली जी यूएसबीची कांडी असते, तिच्यात मालकाचे हस्ताक्षर नसून एक अतिविशाल गुप्त संख्या असते. आणि तिच्या योगे केलेल्या सहीस 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली आहे.

या सहीमागील, डिफी व हेलमन या संशोधकांनी 1976 साली मांडलेली मूळ कल्पना अशी, की प्रत्येकापाशी किल्ल्यांची जोडी असावी, एक जगजाहीर, दुसरी खाजगी. मजकूर गुप्त ठेवावयाचा तर तो घेणाऱ्याच्या जाहीर किल्लीने बंद करावा. सही मात्र आपल्या खाजगी किल्लीने करावी, म्हणजे ती कोणासही पडताळता येते. जुन्या दफ्तरांतील मोर्तब मजकूर येथे संपला एवढेच सांगे. ही सही आतल्या एका अक्षराच्या फेरफाराचीही वर्दी देते.

नवशिक्याने जीएनयू प्रायव्हसी गार्ड हे मोफत साधन घ्यावे, जोडी निर्माण करून तिला लांबलचक परवलीचे वाक्य द्यावे, आणि किल्ली रद्द करण्याचा दाखला निराळ्या जागी जपावा. कारण परवली विसरल्यास फाइल उघडून देणारी कोणतीही कचेरी नाही. खरी मेहनत पुढेच आहे. समोरच्याची म्हणून आलेली किल्ली त्याचीच कशावरून? तिचा चाळीस अंकाक्षरांचा ठसा दूरध्वनीवर वाचून ताडून पाहावा. काम कंटाळवाणे, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. कांडीच्या बाबतीत ही शहानिशा परवानाधारक प्रमाणन संस्था करते. मात्र मालकाने कांडीसोबत तिचा पिनही कारकुनाच्या हवाली केला, तर पडताळणाऱ्या यंत्रास दोघांतला भेद कळत नाही.