पद्मिनी किती उरल्या?

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सींचा हिशेब सोपा आहे. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. शहरात टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून पद्मिनी एकही नाही. खासगी पद्मिनींचं मात्र तसं नाही. त्या किती उरल्या हे विचारलं की जाणकार मंडळी आधी हसतात आणि मग वाद घालू लागतात.

गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखान्यातून आधी अमेरिकन गाड्या जुळून बाहेर पडत, मग इटलीच्या फियाटशी संबंध आला. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, तिच्यामागून १९६४ची ११०० डिलाइट, आणि नाव बदलत १९७४ साली तीच पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, पुढे तिघं बसतील अशी सलग सीट. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची ती ही गाडी. उत्पादन २००१च्या सुमारास थांबलं. शेवटची टॅक्सी नोंदली गेली त्यानंतर दोन वर्षांनी. मोजणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते: गाडी कारखान्यातून निघाल्याचं वर्ष आणि आरसी बुकावरचं वर्ष एक असेलच असं नाही.

ब्रिटनमध्ये असा अंदाज बांधणं तुलनेने सोपं आहे. तिथे गाडी रस्त्यावर नसेल तर तसं सरकारला कळवावं लागतं. त्यामुळे एखाद्या मॉडेलच्या किती गाड्या चालू आणि किती शेडमध्ये, याचे आकडे सरकारी नोंदीतून थेट निघतात. आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमानुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, की मालकाने चौदा दिवसांत कळवायचं. प्रत्यक्षात मालक गाडी भंगारवाल्याला देतो, पैसे घेतो आणि आरसी बुक कपाटात ठेवतो. कागदावरची पद्मिनी मग वर्षानुवर्षं ठणठणीत. उलटंही घडतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. ज्याची गाडी वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि लग्नसराईत बाहेर पडते, तो म्हणतो, राहू दे. गाडी जिवंत, कागद मेलेला. माझ्या मते सरकारी आकड्यात या दोन चुका एकमेकींना कापत नाहीत. त्या वेगवेगळ्या गाड्यांच्या आहेत.

बोईसरजवळच्या कुंभवलीत एका घरामागच्या पडवीत अशी एक उभी आहे. पाटीवर एमएच-०४, म्हणजे ठाण्याची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला, नंतरच्या गाड्या वसईच्या एमएच-४८ वर निघाल्या, पण जुनी पाटी कोण बदलतो? नंबरांच्या यादीवरून ‘पालघरमधल्या पद्मिनी’ शोधायला बसलात तर ही सापडणारच नाही. बॉनेट उघडलं की बॅटरीखालचा ट्रे चाळणीसारखा दिसतो. दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं तर पत्र्याचा भुगा हातात येतो. तारापूर-चिंचणीकडची खारी हवा इथवर पोचते, शिवाय एमआयडीसीची हवा आहेच. इंजिन तिचं मूळचं नाहीच, नंतरच्या डिझेल मॉडेलचं आहे. चासीवर नंबर शाबूत आहे, पेन्सिल प्रिंट उमटते. आता ही उरलेली पद्मिनी मानायची की नाही?

प्रश्न गमतीचा नाही. जुन्या गाड्या टिकवण्याची रीतच अशी, की तीन मरतात तेव्हा एक जगते. एकीचे दरवाजे, दुसरीचा गिअरबॉक्स, तिसरीची काच. मोजायचं ते चासी नंबरानेच, असं मला वाटतं. बाकी काहीही बदलता येतं, नंबर बदलला तर तो गुन्हा.

मग अंदाज कसा बांधायचा? वाघांच्या गणतीची पद्धत इथेही चालते. तिथे कॅमेऱ्यात सापडलेले पट्टे ओळखतात, इथे चासी नंबर. समजा एका रॅलीच्या यादीत चाळीस पद्मिनी आहेत, जुन्या गाड्यांच्या एका मिस्त्रीच्या वहीत तीस, आणि दोन्हींत सारख्या बारा. चाळीस गुणिले तीस भागिले बारा, म्हणजे शंभर. गणित बरोबर, पण पोटात खोट आहे. रॅलीला जाणारा मालकच मिस्त्रीकडेही जातो, त्यामुळे सारख्या गाड्या जास्त सापडतात आणि एकूण आकडा खाली येतो. पडवीतल्या गाड्या तर दोन्ही याद्यांत नाहीत. म्हणून यातून निघतो तो ‘किमान इतक्या’ एवढाच आकडा. कुणी ‘देशात अमुकच उरल्या’ असं छातीठोक सांगितलं तर मी आधी त्यांच्या दोन याद्या मागेन.

त्यापेक्षा सुट्या भागांच्या दुकानदाराचा अंदाज मला बरा वाटतो. ऑपेरा हाउसच्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला कार्ब्युरेटरचं किट, क्लच प्लेट, दाराचं रबर मागायला वर्षाकाठी किती जण येतात, यावरून चालत्या गाड्यांचा अदमास येतो. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली तिथेच ती सुटीसुटी होऊन विकली जाते. कारखान्याची जागा आता कोहिनूर सिटीची.

२०२१ साली केंद्राने नियम केला: पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येईल. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. १९७४च्या पद्मिनी २०२४ साली या दाराशी पोचल्या. म्हणजे इथून पुढे दरवर्षी एकेका सालाची पद्मिनी त्या यादीत यायला पात्र ठरेल, आणि पहिल्यांदाच मालकाने आपण होऊन दिलेली, कागदाला जिवंत ठेवणारी नोंद हाती लागेल. डिझेल इंजिन बसवलेल्या मात्र ‘मूळ रूपा’च्या अटीत अडकतील. त्यांची संख्या थोडी नाही.