फिट, मेंदूच्या पेशी आणि पाच मिनिटं

जळकोटच्या बाजारात एखाद्याला फिट आली, की कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं. दोन-तीन मिनिटांत फिट थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं! खरं तर बहुतेक फिट आपणहून थांबतात. आज आपल्याला बोलायचंय ते न थांबणाऱ्या फिटबद्दल.

फिटमध्ये मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागतात. या संदेशाचं एक रसायन आहे, ग्लुटामेट. ते फार साचलं की शेजारच्या पेशींची दारं उघडीच राहतात आणि कॅल्शियम आत घुसतं. थोडं कॅल्शियम पेशीला लागतंच. पण त्याचा लोंढा आला की पेशीतली ऊर्जा बनवणारी यंत्रणा कोलमडते आणि पेशी मरते. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणारा भाग, याला लवकर बळी पडतो.

मग औषधं काय करतात? 1938 साली मेरिट आणि पुटनम यांनी पुढं आणलेलं फेनिटॉइन पेशीची सोडियमची दारं आवरतं. फेनोबार्बिटोन मेंदूचा स्वतःचा ब्रेक, ‘गाबा’, जोरात दाबतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा काही औषधांनी पेशी वाचलेल्या दिसल्या. माणसांत मात्र जपून बोलावं लागतं. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांना फेनिटॉइन दिलेली एक चाचणी 1990 साली प्रसिद्ध झाली. पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी झाल्या, पुढं जडणारा अपस्मार मात्र टळला नाही. म्हणजे ही गोळी मेंदूचं टॉनिक नव्हे. ती फिट रोखते, आणि पेशी वाचतात त्या मुख्यतः त्यामुळंच.

आता घड्याळ बघू. झटक्यांची फिट पाच मिनिटांवर गेली, की ती आपणहून थांबेल ही आशा सोडून उपचार सुरू करायचे. तीस मिनिटांनंतर कायमच्या नुकसानीचा धोका धरतात. फिट जसजशी लांबते तसतसे पेशीच्या पृष्ठभागावरचे गाबाचे ब्रेक आत ओढले जातात आणि ग्लुटामेटची दारं वाढतात. त्यामुळं जे इंजेक्शन सुरुवातीला पटकन लागू पडतं, तेच उशिरा दिलं तर कमी चालतं. आणि जळकोटहून उदगीर गाठायलासुद्धा पाच मिनिटं कुठली पुरतात! लातूर, नांदेड तर दूरच.

म्हणून उपचाराचा पहिला डोस घरी असावा. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो. कुणाला, किती आणि कधी द्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं. फिट सुरू होताच घड्याळ बघायचं, माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटं झाली की फवारा, आणि 108 ला फोन.

रोजची गोळी उपवासालाही चुकवायची नाही. ‘वर्षभर फिट नाही, मग कशाला’ म्हणून अनेकजण ती एकदम बंद करतात, आणि न थांबणारी फिट येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती महिनोन्‌महिने हळूहळू उतरवतात.