पेट्रोल यंत्रांचे वंगण : निवड आणि वापर

पावसाळा सरत आला म्हणजे कोकणातील आंबा-काजूच्या बागांत गवत कमरेएवढे माजलेले असते आणि मजूर शोधूनही मिळत नाहीत. अशा वेळी खांद्यावर अडकवावयाचे गवत कापणीचे यंत्र, ज्यास सर्वत्र ब्रश कटर म्हणतात, बागायतदारास मोठे साहाय्यक ठरते. अन्यत्र पॉवर वीडर व पाठीवरील पेट्रोल फवारणी पंप यांचा प्रसार झाला आहे. ही यंत्रे आकाराने लहान असली तरी त्यांची किंमत लहान शेतकऱ्यास लहान नाही. आणि ती अकाली निकामी होण्याचे कारण पुष्कळदा यंत्राच्या बनावटीत नसून त्यात घातलेल्या, किंवा घालावयाच्या राहिलेल्या, तेलात असते.

एका वाडीतील प्रसंग येथे सांगणे इष्ट वाटते. एका तरुण शेतकऱ्याने नवा ब्रश कटर घेतला. तिसऱ्या दिवशी यंत्र काम करता करता बंद पडले व दोरी ओढता ओढली जाईना. "साहेब, टाकी तर भरलेली आहे, मग बंद का पडलं?" असा त्याचा प्रश्न होता. मिस्त्रीने सिलिंडर उघडला तेव्हा दट्ट्यावर उभे ओरखडे पडून तो जागीच पकडला गेल्याचे दिसले. टाकीत निव्वळ पेट्रोल होते. त्याच्या घरच्या पंपाचे इंजिन निव्वळ पेट्रोलवर चाले. यासही तेच चालेल, असा त्याचा समज झाला होता. दुरुस्तीचा खर्च ऐकून तो ओट्यावर बसूनच राहिला. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. त्या वाडीत यंत्राचे प्रात्यक्षिक मीच करून दाखविले होते. इंधनाचे मिश्रण मात्र वेळ वाचावा म्हणून घरूनच तयार करून नेले होते. तेल मिसळताना कोणी पाहिलेच नाही! गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चूक करू नये. मिश्रण लोकांसमक्ष करावे, आणि ते शेतकऱ्याच्या हातून करवून घ्यावे.

मुळात इंजिने दोन प्रकारची असतात. चार-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेलाचा स्वतंत्र साठा असतो. तेल भरण्याचे निराळे तोंड व बहुधा तेल मोजण्याची कांडी दिसली की ते इंजिन चार-स्ट्रोक समजावे. त्याच्या पेट्रोलात तेल घालावयाचे नसते. बहुतेक दोन-स्ट्रोक यंत्रांत असा साठा नसतो. पेट्रोलाबरोबर आत जाणारे तेल हेच दट्ट्याचे व बेअरिंगचे एकमेव वंगण. जुन्या स्कूटरसाठी पेट्रोल पंपावर पेट्रोलासोबत तेल मागून घेतल्याचे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तोच हा प्रकार होय.

मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. ५० : १ प्रमाण असल्यास १ लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर तेल लागते, ४० : १ असल्यास २५ आणि २५ : १ असल्यास ४० मिलिलिटर. झाकणाने किंवा अंदाजाने तेल ओतू नये. मापाची बाटली जवळ ठेवावी. मिश्रण यंत्राच्या टाकीत करू नये. स्वच्छ कॅनमध्ये अर्धे पेट्रोल घेऊन त्यात तेल घालावे, हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. तेल किंचित अधिक झाले तर धूर होईल व प्लग काळा पडेल. कमी पडले तर इंजिनच जाईल.

तेल हवेने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनाचेच हवे. बाटलीवर 'जासो एफसी' किंवा 'एफडी', अथवा 'एपीआय टीसी' अशी खूण पाहावी. किनाऱ्यावरील गावांत होड्यांच्या इंजिनांचे 'टीसी-डब्ल्यू३' तेल सहज मिळते, परंतु ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. बागेतील तापणाऱ्या यंत्रास ते योग्य नव्हे. चार-स्ट्रोकचे तेल पेट्रोलात मिसळणे हेही चूकच. ते स्वच्छ जळत नाही व आत राख साचते.

हल्लीच्या पेट्रोलासंबंधी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. २०२५ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र विकले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी पुरेसे झाले की ते इथेनॉलसह पेट्रोलापासून फुटून तळाशी बसते, तेल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. टाकीतील नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनास वंगणाविना द्रव मिळतो. यास्तव मिश्रण लागेल तेवढेच करावे, कॅनचे झाकण घट्ट ठेवावे आणि महिन्यापूर्वीचे मिश्रण वापरू नये. यंत्र जुने असल्यास असे पेट्रोल त्यास मानवते की नाही, याची विक्रेत्याकडे चौकशी करावी.

चार-स्ट्रोक यंत्रांत पुष्कळदा एसएई १० डब्ल्यू-३० तेल सांगितलेले असते. उष्ण हवेत काही उत्पादक एसएई ३० सुचवितात. यातील 'डब्ल्यू' अक्षर थंडीतील पातळपणा दर्शविते. तेलाची पातळी रोज काम सुरू करण्यापूर्वी, यंत्र सपाट जागी ठेवून पाहावी. बांधाच्या उतारावर पाहिलेली पातळी फसवी असते. नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर, बहुधा १० ते २० तासांच्या कामानंतर, बदलावे लागते, कारण नव्या भागांची झीज त्यात उतरलेली असते. पुढील मुदत पुस्तिकेत पाहावी. इंजिन कोमट असतानाच तेल काढावे, म्हणजे गाळही वाहून जातो. तेल काळे झाले म्हणजे बिघडलेच असे नाही. मळ धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. परंतु ते दुधासारखे दिसू लागले तर आत पाणी शिरले, असे समजून तात्काळ बदलावे.

काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतू नये. ते डब्यात साठवून गॅरेजमधील जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे.

हंगाम संपल्यावर दोन-स्ट्रोक यंत्राची टाकी रिकामी करावी व ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर दोन-स्ट्रोक तेल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा.